खोलीत झोपायचं की जिराफ बघायचे?

पत्र: आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला राहतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला शाळेला शिक्षक-अधिवेशनाची सुट्टी असते. ती धरून चार रात्री फ्लोरिडाच्या डिस्ने वर्ल्डला जायचं ठरतंय. आम्ही दोघं, मुलगी नऊ वर्षांची, मुलगा चारचा आणि नाशिकहून आलेले सासू-सासरे. सासऱ्यांना गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही, सासूबाईंना अंडंही चालत नाही. नवऱ्याचं म्हणणं, खोलीत नुसतं झोपायचं, सगळ्यात स्वस्त ऑल-स्टारच्या दोन खोल्या घे. नणंद म्हणते, आयुष्यात एकदा जाताय तर अ‍ॅनिमल किंग्डम लॉजला बाल्कनीतून जिराफ दिसणारी खोली घ्या, शिवाय डीलक्स हॉटेलवाल्यांना फायदेही जास्त मिळतात. खोल्यांचे प्रकार वाचूनच डोकं भणभणलंय. पैसे नक्की कशाला मोजावेत?

उत्तर: बाकी सगळं बाजूला ठेवून आधी सहा हा आकडा धरा. एका खोलीत किती माणसं, याबाबत डिस्नेची हॉटेलं काटेकोर असतात. ‘खाली गादी टाकून झोपू’ हा आपला नेहमीचा तोडगा तिथे चालत नाही. ऑल-स्टार किंवा पॉप सेंच्युरीच्या साध्या खोलीत चौघं. तीन वर्षांखालचं बाळ पाळण्यात झोपणार असेल तर ते मोजत नाहीत, पण तुमचा मुलगा चारचा, म्हणजे पुरता माणूस. ग्रँड फ्लोरिडियनसारख्या महागड्या डीलक्स हॉटेलांत बऱ्याच खोल्या पाच जणांच्या असतात, पण अ‍ॅनिमल किंग्डम लॉजच्या बहुतेक खोल्यांत चारच. थोडक्यात, नणंदबाईंचं ऐकायचं तर जिराफवाल्या दोन खोल्या लागतील. तुमचा तो आठवडा ऑर्लँडोत ‘जर्सी वीक’ म्हणूनच ओळखला जातो, कारण त्या गुरुवार-शुक्रवारी अख्ख्या न्यू जर्सीच्या शाळा बंद असतात आणि सगळ्यांना तुमच्यासारखीच कल्पना सुचलेली असते. त्या दरात दोन सफारी खोल्या चार रात्री घेतल्या तर बिल विमानाच्या सहा तिकिटांच्या कितीतरी वर जाईल.

सहा माणसांचा हिशेब धरला की खरे पर्याय चारच उरतात: स्वस्त गटातल्या दोन खोल्या, एक फॅमिली स्वीट, दोन बेडरूमचा व्हिला किंवा फोर्ट वाइल्डरनेसची केबिन. केबिन दिसायला गोड. २०२४ पासून त्या नव्याने बांधल्या, स्वयंपाकघरही पूर्ण आहे आणि सहा जणांना परवानगी आहे. पण बाथरूम एकच. सकाळी सातला सहा माणसं, त्यात दोन ज्येष्ठ आणि दोन मुलं, एका बाथरूमबाहेर उभी आहेत असं चित्र डोळ्यांसमोर आणा आणि पुढे चला.

आता जिने. ही गोष्ट बुकिंगच्या पानावर ठळकपणे कुठेच दिसत नाही. कॅरिबियन बीचच्या इमारती दुमजली, लिफ्ट नाही. पोर्ट ऑर्लीन्स रिव्हरसाइडच्या ‘अ‍ॅलिगेटर बायू’ भागातही तेच. त्याच हॉटेलातल्या ‘मॅग्नोलिया बेंड’च्या मोठ्या वाड्यांना लिफ्ट आहे. सगळ्यात जास्त लोक फसतात ते ओल्ड की वेस्टला. व्हिले प्रशस्त आणि दर त्यातल्या त्यात बरे, म्हणून आई-वडिलांसाठी हौसेने घेतात, आणि पोचल्यावर कळतं की ६२, ६३, ६४ क्रमांकाच्या इमारती सोडल्या तर लिफ्टच नाही. ‘तळमजला द्या’ ही विनंती करता येते, पण तिथे विनंती म्हणजे विनंतीच, हमी नव्हे. सासऱ्यांच्या गुडघ्यांवर हा जुगार खेळू नका. ऑल-स्टार, पॉप सेंच्युरी, आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशन, पोर्ट ऑर्लीन्स फ्रेंच क्वार्टर आणि साराटोगा स्प्रिंग्सच्या मुख्य इमारती, या सगळ्यांना लिफ्ट आहे.

यातून आमची शिफारस सरळ निघते: आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशनचा फॅमिली स्वीट. साधारण ५६५ चौरस फूट. आत शिरल्यावर बैठकीची खोली. तिथे एक सोफा-कम-बेड आणि जेवणाचं टेबल. या टेबलाचाच रात्री डबल बेड होतो: वरचा पलंग खाली ओढला की टेबल त्याच्याखाली दडतं. खुर्च्या आधी सरकवाव्या लागतात आणि एकदा पलंग पाडला की जेवायची जागा संपली, म्हणून रात्रीचं खाणं आधी आटपायचं. आतल्या बाजूला क्वीन पलंगाची बेडरूम, तिला खरंखुरं बंद होणारं दार आणि स्वतःची बाथरूम. दुसरी बाथरूम बैठकीच्या बाजूने. बेडरूम सासू-सासऱ्यांना द्या. ते नऊला झोपले आणि तुम्ही साडेदहाला मुलांना घेऊन परतलात तरी कुणाची झोपमोड नाही, आणि रात्री उठावं लागलं तर अंधारात कुणाच्या अंगावरून जायला नको. छोटा फ्रिज, मायक्रोवेव्ह, सिंक आणि कॉफीचं यंत्र आहे. शेगडी नाही.

टबाची कड हा गुडघेदुखीवाल्यांचा दुसरा शत्रू. दोन बाथरूमपैकी कुठलीत टब आहे आणि कुठलीत पाय न उचलता जाता येतं, हे फोनवर विचारून घ्या आणि झोपायची वाटणी त्याप्रमाणे फिरवा. पूर्ण सपाट शॉवरच्या खोल्या अपंगसुलभ प्रकारात वेगळ्या मिळतात. सासऱ्यांना खरोखर तशी गरज असेल तर आत्ताच त्याच प्रकारात बुक करा, पोचल्यावर डेस्कवर मागून मिळेल या भरवशावर राहू नका.

एक सापळा: साइटवर आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशन शोधलं की सगळ्यात स्वस्त दिसते ती ‘लिटल मर्मेड’ खोली. ती स्वीट नाहीच. २७७ चौरस फुटांची, चौघांची साधी खोली आहे आणि मुख्य इमारतीपासून सगळ्यात लांब. स्वीट फक्त नीमो, कार्स आणि लायन किंग या तीन भागांत आहेत. यातला कुठला घ्यायचा ते मुलांना ठरवू द्या, तुमच्या कामाचा फरक तिन्हींत फारसा नाही.

तुमच्या नवऱ्याचा मुद्दा अगदीच उडवून लावण्यासारखा नाही. दोन साध्या खोल्यांत दोन बाथरूम येतात, मोठे पलंग चार येतात आणि पैसेही बहुतेक वेळा कमी लागतात. फक्त ऑल-स्टारऐवजी पॉप सेंच्युरीचा दर बघा, कारण पुढे येणाऱ्या वाहतुकीत तो फरक वसूल होतो. दोन खोल्यांत अडचण वेगळीच असते. मधल्या दाराने जोडलेल्या खोल्या हव्यात असं बुकिंगमध्ये नोंदवलं तरी लेखी हमी मिळाल्याशिवाय ते गृहीत धरू नका. खोल्या एका मजल्यावर, पण चार दारं सोडून आल्या तर एक मोठा माणूस कायम मुलांबरोबर आणि सासू-सासरे वेगळे. मग औषधाची पिशवी एका खोलीत, चहाचं सामान दुसऱ्या. साध्या खोल्यांत मायक्रोवेव्हही नसतो. दूध गरम करायला खाली फूड कोर्टात जावं लागतं. ऑल-स्टार म्युझिकलाही सुमारे ५२० चौरस फुटांचे, दोन बाथरूमवाले, सहा जणांचे स्वीट आहेत आणि ते आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशनपेक्षा सहसा स्वस्त पडतात. बजेट ताणलं जात असेल तर दोन सुट्या खोल्यांपेक्षा ते बरे. तिथे फक्त बसवर अवलंबून राहावं लागतं, आणि गर्दी नसेल त्या वेळी तीन ऑल-स्टार हॉटेलांना मिळून एकच बस फिरते. तुमच्या थांब्यावर ती भरून आली तर उभ्याने जायची तयारी ठेवा.

दोन बेडरूमचा व्हिला हा चैनीचा पर्याय. अ‍ॅनिमल किंग्डम लॉजचाच भाग असलेल्या किदानी व्हिलेजच्या दोन बेडरूमच्या व्हिल्यात तीन बाथरूम, पूर्ण स्वयंपाकघर, घरातच वॉशिंग मशीन, नऊ माणसांची सोय. टाइमशेअरच्या, म्हणजे व्हिल्यात दरवर्षी राहण्याचा हक्क विकत घेतलेल्या, सभासदांकडून त्यांचे पॉइंट भाड्याने घेतले तर डिस्नेच्या थेट दरापेक्षा बरंच स्वस्त पडतं आणि हॉटेलचे फायदेही तेच मिळतात. पण असं बुकिंग सहसा रद्द करता येत नाही, पैसे परत येत नाहीत. सत्तरीच्या आसपासची माणसं आणि चार वर्षांचं मूल बरोबर असताना, तापाने एक दिवस पुढे-मागे होण्याची शक्यता धरूनच ठरवा. एक बेडरूमचा व्हिला पाच जणांचा असतो. तो बघून खूश होऊ नका, तुम्ही सहा आहात.

आता वाहतूक, कारण हॉटेलची निवड अर्धीअधिक तिथेच ठरते. आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशन आणि पॉप सेंच्युरी या दोघांमध्ये एक तळं आहे. त्याच्यावर स्कायलायनरचं सामाईक स्टेशन आहे. हे रोपवे सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झाले. हॉलीवूड स्टुडिओज आणि एपकॉट या दोन पार्कांना यातून जाता येतं. दोन्हीकडे जाताना कॅरिबियन बीचला पाळणा बदलावा लागतो. पाळणा स्टेशनात पूर्ण थांबत नाही, हळूहळू सरकत असतो. ते पाहून सासरे बिचकतील. तिथे उभ्या माणसाला सांगितलं की व्हीलचेअर आणि हळू चालणाऱ्यांसाठी बाजूची वेगळी लाइन असते, तिथे पाळणा थांबवून बसवतात. आत एसी नाही, फक्त हवेच्या फटी. नोव्हेंबरमध्ये त्याचा त्रास होत नाही. आकाशात विजा असतील तर मात्र सेवा बंद होते आणि मग बसच्या रांगेत जावं लागतं. मॅजिक किंग्डम आणि अ‍ॅनिमल किंग्डमला कायमच बस.

स्वतःची किंवा भाड्याची गाडी असली तरी मॅजिक किंग्डमला हॉटेलच्याच बसने जा. ती थेट दाराशी सोडते. गाडी घेऊन गेलात तर ती तळ्याच्या अलीकडच्या वाहनतळावर लागते, तिथून मोनोरेल किंवा बोट पकडायची, आणि रात्री आतषबाजी संपल्यावर तोच प्रवास हजारो लोकांबरोबर उलटा करायचा. बाहेरच्या स्वस्त हॉटेलांच्या शटल बसही बहुधा याच अलीकडच्या ठिकाणी सोडतात. ‘डिस्नेपासून दहा मिनिटं’ या जाहिरातीतली दहा मिनिटं तिथे संपतात.

विमानतळावरून हॉटेलची मोफत बस आता नाही. डिस्नेची ती सेवा जानेवारी २०२२ मध्ये बंद झाली, पण ‘तिथे फुकट बस असते हं’ असं सांगणारे नातेवाईक अजून भेटतात. सहा जण आणि सामान म्हणजे मोठी गाडी किंवा पैसे भरून शटल. मुलासाठी बूस्टर घरून न्या. फ्लोरिडात पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना गाडीत तशी सीट लागते.

आता फायदे. नणंदबाईंच्या बोलण्यात तथ्य आहे, पण थोडंच. चार गोष्टी नीट सुट्या करा. सकाळी अर्धा तास लवकर प्रवेश, तोही रोज, चारही पार्कांत: हा डिस्नेच्या प्रत्येक हॉटेलवाल्याला मिळतो, ऑल-स्टारला आणि ग्रँड फ्लोरिडियनला सारखाच. लाइटनिंग लेनचं (पैसे भरून मिळणाऱ्या राइडच्या छोट्या रांगेचं) बुकिंग मुक्काम सुरू व्हायच्या सात दिवस आधी, तेही संपूर्ण मुक्कामाचं एकाच वेळी: हाही सगळ्या हॉटेलांना. बाहेर राहणाऱ्यांना ते त्या-त्या दिवसाच्या तीन दिवस आधी उघडतं. रेस्टॉरंटचं टेबल साठ दिवस आधी सगळ्यांनाच मिळतं, हॉटेलवाले त्याच सकाळी मुक्कामाच्या पुढच्या दहा दिवसांपर्यंतचं उरकू शकतात. डीलक्सवाल्यांचा खास फायदा एकच, रात्री पार्क बंद झाल्यावर आणखी दोन तास. पण तो रोज नसतो. ठरावीक रात्री, बहुतेक करून आठवड्यातून एकदा मॅजिक किंग्डमला आणि एकदा एपकॉटला. चार रात्रींत त्यातली एखादी तुमच्या वाट्याला येईल, आणि त्या रात्री अकरा वाजता चार वर्षांचा मुलगा खांद्यावर झोपलेला असेल. तुमच्या घराला हा फायदा जवळपास शून्य आहे. कॉलेजची मुलं असती तर सल्ला उलटा दिला असता.

डीलक्स हॉटेलचं खरं मोल दुसरीकडेच आहे. कंटेम्पररीतून मॅजिक किंग्डमला दहाएक मिनिटांत चालत जाता येतं. ग्रँड फ्लोरिडियनहूनही आता पायवाट आहे, आणि पॉलिनेशियन धरून तिघांनाही मोनोरेल आहे. दुपारी दोनला सासऱ्यांना खोलीत आणून आडवं होऊ द्यायचं आणि सहाला परत न्यायचं, हे तिथे सहज जमतं. तुमच्याकडे जास्तीचे पैसे असतील तर ते यासाठी घाला. जिराफांच्या मैदानावरच्या बाल्कनीसाठी नको. अ‍ॅनिमल किंग्डम लॉज सुंदर आहे यात वाद नाही, पण तिथून चारही पार्कांना बसशिवाय पर्याय नाही, आणि मॅजिक किंग्डम तर दूरच.

अर्ध्या तासाचा लवकर प्रवेश मात्र वसूल करा, पण सगळ्यांनी मिळून नव्हे. मॅजिक किंग्डममध्ये त्या अर्ध्या तासात फक्त फँटसीलँड आणि टुमॉरोलँड उघडतात. मुलांना घेऊन एकाने दार उघडायच्या अर्धा-पाऊण तास आधी तिथे असावं. सरळ ‘सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेन’ला जावं किंवा ‘पीटर पॅन’ला, दोन्हींना दुपारी तासाच्या आसपास रांग लागते. माइन ट्रेनला उंची ३८ इंच लागते. मुलाची उंची घरीच भिंतीला लावून, बूट घालून मोजा. दारात पट्टीखाली उभं करून नाही म्हटलं की चार वर्षांचं मूल काय करतं हे सांगायला नको. ज्या राइडला तो बसत नाही तिथे ‘रायडर स्विच’ मागा: एक जण मुलाजवळ थांबतो, दुसरा मुलीबरोबर जाऊन येतो, मग थांबलेला परत रांग न लावता जातो. आजी-आजोबा आरामात नऊ-साडेनऊच्या बसने येतील. एपकॉटला स्कायलायनर मागच्या दाराशी सोडते, आणि ‘रॅटाटुई’ची राइड तिथून पाच मिनिटांवर आहे, त्यामुळे मुख्य दारातून येणाऱ्या गर्दीच्या आधी तुम्ही तिथे असता.

लाइटनिंग लेन मल्टी पासमध्ये दिवसाच्या तीन राइड आधी निवडता येतात, चौथीसाठी तिन्ही वापरून होईपर्यंत थांबायची गरज नाही. एक वापरली की पुढची मागायची. दर माणसागणिक आणि तारखेगणिक बदलतो, म्हणून सहाही जणांसाठी सरसकट घेण्याची घाई करू नका. सासू-सासरे ज्यांत बसणार त्या बऱ्याचशा राइडना मोठी रांग नसतेच: पीपलमूव्हर, कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस, एपकॉटमधली लँडची बोट. अ‍ॅनिमल किंग्डमची सफारी मात्र खड्ड्यांतून आदळत जाते, गुडघ्यांपेक्षा कंबरेला त्रास. चौघांचे पास घ्या आणि दोघांचे पैसे वाचवा. माइन ट्रेनसारख्या मोजक्या लोकप्रिय राइडचे सुटे पास वेगळे विकत मिळतात. ते ज्याला बसायचं त्याच्यापुरतेच घ्या. तिकिटं आधी फोनवरच्या डिस्नेच्या अ‍ॅपमध्ये जोडलेली हवीत, नाहीतर सातव्या दिवशी सकाळी सातला पुढचं पान उघडतच नाही.

गुडघ्यांसाठी रांगेत सूट मिळेल अशी आशा धरू नका. ती सोय २०२४ पासून मुख्यतः ऑटिझमसारख्या वाढीशी संबंधित अडचणींसाठी आहे. उभं राहणं आणि चालणं कठीण असेल तर उपाय व्हीलचेअर. बहुतेक रांगांतून ती नेता येते. पार्कात भाड्याने घेतलेली खुर्ची पार्कातच सोडावी लागते, म्हणजे बसच्या थांब्यापासून खोलीपर्यंतचं अंतर पायीच. बाहेरच्या कंपनीची घेतली तर चारही दिवस हाताशी राहते. हॉटेलवर ताबा देताना-घेताना तुमच्यापैकी कुणी हजर असावं लागतं का, ते बुकिंग करतानाच विचारा. तिथे दिवसाला आठ-दहा किलोमीटर चालणं सहज होतं, त्यामुळे ‘मला काही नको खुर्चीबिर्ची’ हे सासऱ्यांचं वाक्य पहिल्या दुपारी गळून पडेल. आधीच आणून ठेवा.

आणि जिराफ? ते खोलीशिवाय बघता येतात. अ‍ॅनिमल किंग्डम पार्क करायच्या दिवशी दुपारी तिथून किदानी व्हिलेजची बस धरा. ‘सना’ नावाचं रेस्टॉरंट तिथे मैदानालगत आहे, खिडकीबाहेर जिराफ आणि झेब्रे चरत असतात. त्यांचं जेवण आफ्रिकी-भारतीय वळणाचं आहे, आणि पाच प्रकारच्या नान-पोळ्या नऊ चटण्या-लोणच्यांबरोबर येतात. सासूबाईंना ते जेवण परकं वाटणार नाही. टेबल सांगतानाच ‘अंडं, मासे, मांस नाही’ असं नोंदवा आणि बसल्यावर पुन्हा सांगा, कारण नानच्या पिठात किंवा चटणीत काय आहे हे आचाऱ्याला विचारून सांगतात. जेवून बाहेर आलं की प्राणी बघायचे सज्जे पाहुण्यांनाही मोकळे आहेत. बाल्कनीवाली खोली घेऊनही प्राणी दिसण्याची हमी नसते. ते कधी झाडामागे, कधी दुसऱ्या मैदानात. साध्या दराची खोली घेतली तर खिडकीतून गाड्यांचा तळही दिसू शकतो.

पार्कात घरचं खाणं नेता येतं, हे अनेकांना माहीत नसतं. काचेची बरणी नको, सुटा बर्फ नको आणि गरम करावं लागेल असं काही नको, हे मुख्य नियम. दशम्या, थेपले, चिवडा, लाडू निर्धास्त न्या. सकाळचा उपमा आणि रात्रीची खिचडी स्वीटच्या मायक्रोवेव्हमध्ये पाकिटावर भागेल. इंडक्शन किंवा कुकर खोलीत लावू नका. डिस्नेचा जेवणाचा प्लॅनही घेऊ नका. शाकाहारी पदार्थ मुळात मांसाहारीपेक्षा स्वस्त असतात, आगाऊ भरलेल्या सरासरी किमतीत तुमचाच तोटा होतो, आणि तो प्लॅन खोलीतल्या सगळ्यांना मिळूनच घ्यावा लागतो.

दर बघताना नेहमी चार मोठे, दोन मुलं असंच भरा. दोन मोठ्यांवर पाहिलेला दर नंतर फुगू शकतो. मुलीची जन्मतारीखही नीट टाका. तिकिटांत तीन ते नऊ हे मुलांचे दर, दहाव्या वाढदिवसापासून ती मोठी. खोलीच्या दरावर कर वेगळा लागतो. पॉप सेंच्युरी आणि आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशन ऑरेंज काउंटीत येतात, तिथे १२.५ टक्के. ऑल-स्टार ऑसिओला काउंटीत, तिथे १३.५. रिसॉर्ट फी नाही, रात्रीचं पार्किंग फुकट, पार्कचं पार्किंगही हॉटेलवाल्यांना फुकट. बाहेरच्या हॉटेलशी तुलना करताना त्यांची रोजची रिसॉर्ट फी आणि पार्किंग मिळवल्याशिवाय कागदावरचा दर बघू नका. बुकिंग फक्त खोलीचं करा, तिकिटं वेगळी घ्या. खोलीला एका रात्रीचे पैसे आगाऊ भरावे लागतात आणि ठरावीक दिवस आधी रद्द केलं तर ते परत मिळतात. पॅकेजला २०० डॉलर आगाऊ, तीस दिवसांच्या आत रद्द केलं तर ते बुडतात. शिवाय नंतर एखादी सवलत जाहीर झाली तर नुसत्या खोलीचं बुकिंग बदलणं सोपं जातं.

याच संदर्भात, मुलीसाठी एक दिवस ऑर्लँडोतल्याच, पण डिस्नेच्या नसलेल्या युनिव्हर्सलला जायचं मनात असेल तर तिथला हिशेब वेगळा. रॉयल पॅसिफिक, हार्ड रॉक आणि पोर्टोफिनो बे या तिन्ही हॉटेलांच्या मुक्कामात, खोलीतल्या प्रत्येकाला युनिव्हर्सलच्या दोन जुन्या पार्कांचा एक्सप्रेस पास, म्हणजे छोट्या रांगेचा पास, मिळतो, आल्या दिवशीही आणि निघायच्या दिवशीही. म्हणजे एका रात्रीच्या भाड्यात दोन दिवसांचे पास. महाग खोली स्वस्त पडण्याचं उदाहरण शोधायचं तर ते तिथे आहे. २०२५ मध्ये उघडलेल्या एपिक युनिव्हर्सला मात्र तो पास चालत नाही.

तुमच्या तारखांत आणखी एक गोष्ट तपासा. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात मॅजिक किंग्डममध्ये ख्रिसमसच्या वेगळ्या तिकिटाच्या पार्ट्या सुरू होतात. पार्टीच्या दिवशी साध्या तिकिटावर संध्याकाळी सहाला बाहेर पडावं लागतं, रात्रीची आतषबाजी बघायला मिळत नाही. त्याच्या बदल्यात दिवसभर गर्दी कमी असते. सासू-सासरे सहापर्यंतच टिकणार असतील तर एक दिवस मुद्दाम पार्टीचा निवडा आणि आतषबाजीसाठी दुसऱ्या रात्री अर्धा दिवस ठेवा.

मग कॅलेंडरवर तीन खुणा. साठ दिवस आधी सकाळी सहाला ‘सना’ची दुपारची जागा, ती सुटली तर रोज एकदा अ‍ॅपमध्ये बघत राहा, आयत्या वेळी लोक रद्द करतात. त्याच सुमाराला ऑनलाइन चेक-इन उघडतं. तिथे दोनच विनंत्या लिहा, स्कायलायनरजवळ आणि लिफ्टजवळ. आठ विनंत्या लिहिल्या की एकही नीट पाळली जात नाही. सात दिवस आधी सकाळी सातला लाइटनिंग लेन.

खोली दुपारी तीनला मिळते, व्हिला चारला. विमान सकाळी उतरलं तर सामान हॉटेलच्या बेल सर्व्हिसकडे टाका आणि औषधं, मुलांचे कपडे, एक डबा खांद्यावरच्या पिशवीत ठेवा, कारण ‘खोली तयार आहे’ हा निरोप अ‍ॅपवर कधी एकला येतो, कधी चारला. निघायच्या दिवशी अकराला खोली सोडून सामान पुन्हा तिथेच ठेवता येतं. विमान रात्रीचं असेल तर त्या दिवशी स्कायलायनरचं एखादं पार्क ठेवा. बसच्या पार्कातून परत यायला उशीर झाला तर विमानतळाची गाडी चुकते.